बंदराच्या शहरात हॉटेल आणायचे, तर आधी मंगळवारची रात्र मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे नागपूरचे, सध्या रत्नागिरीत शहर नियोजनाचे काम पाहतात. बंदर, कारखाने, जिल्ह्याचे ठिकाण, जवळ गणपतीपुळे, एवढे असूनही शहरात मध्यम-उच्च दर्जाच्या खोल्या कमी आहेत, असे त्यांचे म्हणणे. हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास नागपुरातले हॉटेलमालक, लग्नसमारंभाच्या लॉनचे मालक आणि बिल्डर यांना एकत्र बोलावून सादरीकरण करण्याचा त्यांचा बेत आहे. त्यात काय दाखवावे, जागा कशी द्यावी आणि सवलती कोणत्या द्याव्यात, हे त्यांना हवे आहे.

आधी तारखेचे बोलू. डिसेंबर नको. अधिवेशन आणि लग्नाचे मुहूर्त एकाच वेळी येतात, तेव्हा वर्धा रोडवरचा किंवा रामदासपेठेतला हॉटेलमालक दुसऱ्या शहराची फाइल वाचायला दोन तास देणार नाही. फार तर मॅनेजरला पाठवील, आणि मॅनेजर गुंतवणूक करत नाही. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, लॉन रिकामी पडतात, मालक निवांत असतो. बैठक जुलैत घ्या. जुलैचा आणखी एक उपयोग आहे, तो शेवटी सांगतो.

आता सादरीकरणाचे. अशा सादरीकरणांत साधारणपणे पहिली दहा पाने समुद्र, सूर्यास्त आणि किल्ले यांची असतात. ती शेवटी टाका. नागपूरला समुद्र नाही, तरी तिथे मोठी हॉटेले उभी राहिली, कारण तिथे आठवड्याच्या मधल्या रात्री भरतात. विमानतळ, मिहान आणि बुटीबोरीची औद्योगिक क्षेत्रे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मोठी रुग्णालये, कंपन्यांच्या वितरकांच्या बैठका आणि ताडोबा-पेंचला जाताना एक रात्र थांबणारे पर्यटक, असा माणूस तिथे वर्षभर येत राहतो. तो हॉटेलमालक तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार: ‘शनिवार मला कळतो. मंगळवारी रात्री तुमच्याकडे कोण झोपतो?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर असेल तर पुढची चर्चा होते. नसेल तर चहा होतो आणि मंडळी घरी जातात.

बंदराच्या शहराकडे हे उत्तर बहुधा असते, फक्त कोणी गोळा केलेले नसते. रत्नागिरी तालुक्यात जयगडचे खासगी बंदर आहे, तिथेच १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, शहराजवळ पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे, मिरजोळ्याची एमआयडीसी आहे, मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आहे, कोकण रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, तटरक्षक दलाचे ठाणे आहे. यातला प्रत्येक जण वेगळ्या प्रकारचा पाहुणा आणतो. वीज केंद्र किंवा रासायनिक कारखाना देखभालीसाठी बंद ठेवतात तेव्हा यंत्रपुरवठादारांचे इंजिनीअर दोन ते चार आठवडे मुक्काम करतात. त्यांना कपडे धुण्याची सोय, पहाटे पाचला नाश्ता आणि कंपनीच्या नावे महिन्याचे बिल लागते. जहाजांमुळे सर्व्हेअर, मालाचे निरीक्षक, विमा कंपन्यांची माणसे आणि खलाशांच्या तुकड्या येतात. हे पाहुणे जहाजाच्या वेळेवर चालतात, म्हणजे रात्री तीनला खोली मागतात आणि सहा तास आधी रद्दही करतात. त्यांचे बिल शिपिंग एजंट भरतो, तेही तीस ते साठ दिवसांनी. याखेरीज बँकांचे लेखापरीक्षक, सरकारी अधिकारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आणि मार्च ते मे या काळात आंब्याचे, तसेच वर्षभर मासळीचे व्यापारी.

इथे दोन गैरसमज वेळीच काढलेले बरे. पहिला क्रूझचा. क्रूझ जहाज बंदराला लागले की हॉटेले भरतील असे गृहीत धरले जाते. प्रवासी रात्री जहाजावरच झोपतो. तो दुपारी उतरून फिरतो, जेवतो, खरेदी करतो. टॅक्सीवाल्याला आणि खाणावळीला त्याचा फायदा आहे, खोल्यांना जवळजवळ नाही. जिथून प्रवास सुरू होतो किंवा संपतो त्या बंदरातच, म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी, आधीची-नंतरची एखादी रात्र मिळते. दुसरा गैरसमज गणेशोत्सवाचा. कोकण रेल्वेची गाडी त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा देत नाही, म्हणून हॉटेलही भरत असेल असे बाहेरच्याला वाटते. चाकरमानी स्वतःच्या घरी जातो. त्याला खोली नको असते. गणपतीपुळ्याला अंगारकी भरते, मे महिना भरतो, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा भरतो. नागपुरातला माणूस हे लगेच समजेल, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तरी त्या गर्दीचा हॉटेलांच्या खोल्यांशी फारसा संबंध नसतो, हे त्याला माहीत आहे.

मोजणी कशी करायची? फेब्रुवारी, मे, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांतला एकेक पूर्ण आठवडा निवडा. पंधरा खोल्यांच्या वरच्या प्रत्येक लॉजकडून रोज तीनच गोष्टी घ्या: एकूण खोल्या, त्या रात्री भरलेल्या खोल्या, प्रत्यक्ष घेतलेले सरासरी भाडे. फॉर्मवर लॉजचे नाव किंवा जीएसटी क्रमांक नको, फक्त सांकेतिक क्रमांक. नगरपरिषदेच्या माणसाने जाऊन विचारले तर मालकाला घरपट्टी आठवते आणि तो आकडा निम्मा सांगतो. म्हणून हे काम स्थानिक हॉटेल संघटनेमार्फत किंवा महाविद्यालयाच्या मुलांकडून करून घ्या. पडताळणीसाठी धोब्याकडे जा. मध्यम दर्जाच्या हॉटेलात एका भरलेल्या खोलीमागे चादरी, टॉवेल, अभ्रे मिळून साधारण तीन ते पाच किलो कपडे निघतात. शहरातल्या हॉटेलांचे कपडे धुणारे दोन-तीन ठेकेदार असतात. त्यांच्या आठवड्याच्या किलोंवरून भरलेल्या खोल्यांचा अंदाज निघतो, आणि तो मालकांच्या आकड्याशी जुळतो की नाही ते दिसते.

दुसरी मोजणी कंपन्यांकडे. पहिल्या वीस कंपन्यांच्या प्रशासन अधिकाऱ्यांना भेटून गेल्या बारा महिन्यांत बाहेरून आलेल्यांच्या मुक्कामाच्या रात्री विचारा, कोणत्या हुद्द्याला किती भाड्यापर्यंत मंजुरी आहे ते विचारा, आणि त्यांतल्या किती रात्री कंपनीच्या स्वतःच्या अतिथीगृहात गेल्या ते आवर्जून विचारा. बंदराच्या शहरात नव्या हॉटेलचा खरा प्रतिस्पर्धी शेजारचा लॉज नसतो, तर कंपनीचे अतिथीगृह असते, आणि ते कुठल्याही बुकिंग संकेतस्थळावर दिसत नाही. कंपनीने लेटरहेडवर एवढे लिहून दिले की ‘योग्य दर्जाचे हॉटेल झाल्यास वर्षाला अंदाजे इतक्या रात्री वापरू’, तर ते बंधनकारक नसले तरी बँकेच्या मूल्यांकनात उपयोगी पडते. अशी बारा पत्रे जमली तर तुमच्या फाइलचे वजन कुठल्याही माहितीपटापेक्षा जास्त.

अंतराचाही नकाशा करा. जयगड शहरापासून गाडीने तासाभराहून दूर आहे आणि गणपतीपुळे त्याला जवळ आहे. त्यामुळे जयगडच्या सगळ्या रात्री शहराच्या खात्यात धरू नका. गुंतवणूकदाराचा सल्लागार ते पहिल्याच वाचनात पकडेल आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

आता हिशेब. हा नमुन्याचा आहे, आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदलून घ्या, पण पद्धत हीच ठेवा. ८० खोल्या, खोलीमागे सुमारे ५० चौरस मीटर बांधकाम, म्हणजे एकूण ४,००० चौरस मीटर. जमीन सोडून खोलीमागे ४५ लाख रुपये धरले तर ३६ कोटी. वर्षाला ८० गुणिले ३६५, म्हणजे २९,२०० रात्री विकायला उपलब्ध. जम बसल्यावर, म्हणजे तिसऱ्या वर्षी, ६२ टक्के भरणा (म्हणजे उपलब्ध रात्रींपैकी विकल्या गेलेल्या रात्री) आणि ४,२०० रुपये सरासरी भाडे धरा. खोल्यांचे उत्पन्न ७ कोटी ६० लाख. खाणे-पिणे आणि बँक्वेट (समारंभाचा हॉल) मिळून एकूण उत्पन्नाचा ४० टक्के वाटा धरला तर एकूण सुमारे १२ कोटी ६७ लाख. चालू खर्च जाऊन ३६ टक्के उरले, तर साडेचार कोटींच्या आसपास. त्यातून ब्रँडची फी, मालमत्ता कर, विमा आणि फर्निचर-यंत्रे बदलण्याचा राखीव निधी यांचे मिळून एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के वजा करा. हातात राहतात ३ कोटी ३० लाखांच्या थोडे खाली.

कर्ज ६० टक्के, म्हणजे २१ कोटी ६० लाख. दहा टक्के व्याजाने बारा वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता सुमारे ३ कोटी १७ लाख. म्हणजे मिळकत आणि हप्ता जवळजवळ बरोबरीचे. बँकेला हप्त्याच्या निदान सव्वा ते दीड पट मिळकत हवी असते, त्यामुळे हा प्रकल्प नापास. यात सहा कोटींची जमीन विकत घ्यायला लावली तर तो आणखी खाली जातो. कर्जाची मुदत पंधरा वर्षे झाली तर हप्ता २ कोटी ८४ लाखांवर येतो आणि मिळकतीचे हप्त्याशी गुणोत्तर १.१६ होते. अजून पुरत नाही. पण भरणा ६२ वरून ६८ टक्के झाला, तर वाढीव उत्पन्नातला बराचसा भाग थेट खाली उतरतो, मिळकत ३ कोटी ९० लाखांच्या आसपास जाते आणि गुणोत्तर १.३७. प्रकल्प उभा राहतो.

सहा टक्के म्हणजे वर्षाला १,७५२ रात्री. रोजच्या पाच खोल्याही नाहीत. म्हणूनच मोजणीवर मी इतका जोर देतो. रोजच्या पाच खोल्या लेखी दाखवता आल्या की तुम्ही गुंतवणूकदाराला साधारण तेवढेच दिले, जेवढे प्रकल्प खर्चाच्या दहा टक्के अनुदानाने मिळाले असते. आणि अनुदान हॉटेल सुरू झाल्यावर, कागदपत्रे तपासून, हप्त्याहप्त्याने येते. बँक ते हातात पडेपर्यंत हिशेबात धरत नाही.

कर्जाच्या मुदतीबाबत छोट्या शहराला एक मोठा फायदा आहे आणि तो नागपूरला नाही. केंद्राच्या पायाभूत क्षेत्रांच्या यादीत दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांबाहेरची तीन तारांकित किंवा वरच्या दर्जाची हॉटेले येतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांवर आहे, रत्नागिरी सुमारे ७६ हजारांवर. म्हणजे वर्धा रोडवर जे हॉटेल या यादीत बसण्यासाठी २०० कोटींहून मोठे असावे लागते, ते रत्नागिरीत ३६ कोटींचे असले तरी बसू शकते, मात्र तारांकन हवे. यादीत बसले की बँकेला लांब मुदतीचे कर्ज देणे सोपे जाते. नागपूरच्या गुंतवणूकदाराला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्याच्या शहरात त्याचा उपयोग झालेला नाही. सादरीकरणाच्या पहिल्या तीन पानांत हे असू द्या.

आता जमीन. सर्वांत जास्त प्रकल्प इथेच अडकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गुंतवणूकदाराला दाखवायला समुद्रालगतची सर्वांत देखणी जागा निवडली जाते, आणि बहुधा तीच जागा बांधकामाला निकामी असते. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र. आधीच दाट वस्ती झालेला शहरी भाग सीआरझेड-२ मध्ये येतो. तिथे अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूला परवानगी मिळू शकते. पण एक बारीक अट आहे: सीआरझेड-२ मध्ये चटई क्षेत्राचे प्रमाण (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येते ते) अधिसूचनेच्या दिवशी जे लागू होते तेच. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० ची आहे. तिच्यातले वाढीव चटई क्षेत्र या पट्ट्यात आपोआप मिळत नाही. वास्तुविशारदाने नव्या नियमावलीवर ८० खोल्या बसवल्या आणि प्रत्यक्षात ५५ च बसल्या, तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. खाडीकाठालाही सीआरझेड लागते, हे विदर्भातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला नदी म्हणजे पूररेषा एवढेच ठाऊक असते.

म्हणून बैठकीच्या आधीच नगरपरिषदेने स्वतःच्या खर्चाने तीन-चार जागांवर अधिकृत संस्थेकडून १:४,००० प्रमाणाच्या नकाशावर भरतीरेषा आणि सीआरझेडच्या हद्दी आखून घ्याव्यात. हा खर्च काही लाखांत आटोपतो. गुंतवणूकदाराने स्वतः करायचे म्हटले तर त्याचे सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत तो समृद्धी महामार्गाच्या एखाद्या इंटरचेंजजवळ जागा घेऊन मोकळा होतो. ४,००० चौरस मीटरच्या हॉटेलला पर्यावरण मंजुरी लागत नाही, ती २०,००० चौरस मीटरपासून पुढे. सीआरझेडची मंजुरी वेगळी आहे आणि ती पट्ट्यात असाल तर लागतेच. दोन्हींची गल्लत करू देऊ नका.

मालकीचा प्रश्न कोकणात वेगळ्याच प्रकारचा आहे. सातबारावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, दोघे-तिघे वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही. इतर अधिकारात कुळाचे नाव. कुठे देवस्थानाची नोंद, कुठे ‘खासगी वने’ असा शेरा, जो १९७५ च्या कायद्याचा परिणाम असतो आणि ज्यामुळे बांधकाम थेट थांबते. नागपूरच्या माणसाला नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, कळते, सुधार प्रन्यासचा भाडेपट्टा कळतो, तीस वर्षांचे नूतनीकरण कळते. त्यामुळे भाडेपट्ट्याला तो घाबरत नाही. पण पंचवीस सह्या गोळा करायला तो येणार नाही. खासगी जागा दाखवणार असाल तर फेरफारांची साखळी, मोजणीचा नकाशा आणि वकिलाचा शोध अहवाल आधी तयार ठेवा. जिथे हे जमत नाही ती जागा यादीतून काढा. तीन स्वच्छ जागा असल्या की बाराची यादी लागत नाही.

सरकारी किंवा नगरपरिषदेची जागा भाडेपट्ट्याने देणे हा सर्वांत चांगला मार्ग, कारण वरच्या हिशेबात जमिनीचे सहा कोटी वाचतात. मात्र १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे लांब मुदतीचा पट्टा परिषद ठराव करून परस्पर देऊ शकत नाही, वरची मंजुरी लागते. ती बैठकीच्या आधी मिळवा. मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच जास्त हवी. एमआयडीसी ९५ वर्षे देते, आणि नऊ किंवा अकरा वर्षांच्या पट्ट्यावर बँक हॉटेलला कर्ज देणार नाही. पट्टा बँकेकडे गहाण ठेवण्याची मुभा, आणि कर्ज थकल्यास बँकेने नेमलेल्या दुसऱ्या चालकाकडे पट्टा वर्ग करण्याची तरतूद, ही दोन कलमे मसुद्यात नसतील तर बाकीचा मसुदा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

निविदेत जास्तीत जास्त अधिमूल्य देणाऱ्याला जागा, ही पद्धत दुकानगाळ्यांना ठीक आहे. हॉटेलला ती मारक ठरते. चढाओढीत कोणी तरी आठ-दहा कोटी रोख भरतो, मग बांधायला पैसे उरत नाहीत, जोत्यापर्यंत काम येऊन थांबते आणि जागा वादात पंधरा वर्षे अडकते. त्याऐवजी आगाऊ रक्कम ठरलेली आणि माफक ठेवा. बोली उत्पन्नातल्या टक्केवारीवर घ्या: पहिली तीन वर्षे किमान भाडे, पुढे एकूण उत्पन्नाचे अमुक टक्के. पात्रतेत शंभर कोटींची नक्त मालमत्ता मागू नका. ८० खोल्यांसाठी मुंबईचे मोठे समूह येणार नाहीत आणि नागपूर, कोल्हापूर, सांगलीचे जे येऊ शकतात ते तुम्ही दारातच अडवाल. निदान तीस-चाळीस खोल्यांचे हॉटेल पाच वर्षे चालवल्याचा अनुभव आणि प्रकल्पाच्या चाळीस टक्के स्वतःचा पैसा, एवढे पुरते. बांधकाम परवान्यापासून तीस महिन्यांत सुरू करण्याची अट घाला, पण त्यात पावसाळे वगळून मोजा.

‘पंचतारांकितच हवे’ हा हट्ट नगरसेवकांकडून येतो. समजूत घाला. पंचतारांकित खोलीचा खर्च कित्येक पट वाढतो. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की खोलीमागे जितके हजार रुपये भांडवल, तितके रुपये सरासरी भाडे मिळाले पाहिजे. ४५ लाखांना ४,५०० रुपये. वरच्या हिशेबातले ४,२०० त्याच्या जरा खालीच आहेत, म्हणून भरणा महत्त्वाचा. सव्वा कोटीच्या खोलीला १२,५०० रुपये भाडे लागेल. देखभालीला आलेल्या इंजिनीअरची मंजुरी तेवढी नसते.

पाणी. कोकणात ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर फिरतो, हे नागपूरच्या माणसाला सांगितले तरी पटत नाही. सांगा, लपवू नका. स्वयंपाकघर आणि लाँड्री धरून भरलेल्या खोलीला रोज ५०० ते ७०० लिटर लागतात. बँक्वेट आणि कर्मचारी मिळून ८० खोल्यांना दिवसाला ४० ते ५० हजार लिटर धरा. किनाऱ्याजवळच्या विंधन विहिरीला उन्हाळ्यात खारे पाणी लागते, आणि सीआरझेडमध्ये भूजल उपशावर बंधनेही आहेत. नगरपरिषदेने एप्रिल-मेसह रोज किमान किती पाणी देणार याची लेखी हमी द्यावी, आणि उरलेले हॉटेलने सांडपाणी शुद्ध करून फ्लशिंग, बाग आणि कूलिंग टॉवरला वापरावे, अशी विभागणी आधीच ठरवा. दोन-तीन लाख लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी तळघरात बांधायला सांगा.

बांधकामात विदर्भातला कंत्राटदार समुद्राच्या हवेत हमखास फसतो, म्हणून सादरीकरणात त्यासाठी एक पान ठेवा. जून ते सप्टेंबर पायाचे आणि बाहेरचे काम बंद पडते. दसऱ्याला सुरुवात करून पहिल्या हंगामात स्लॅब झाकले गेले नाहीत तर वर्ष जाते. खाडीची वाळू न धुता वापरली तर क्षारामुळे सळया गंजतात आणि पाच वर्षांत छताचे पोपडे पडतात. त्याऐवजी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरा. बाहेरच्या रेलिंगला ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील पुरत नाही, ३१६ लागते. एसीच्या बाहेरच्या युनिटला क्षाररोधक लेप हवा. नागपुरात कोरडा उन्हाळा असतो, कूलरने भागते, एसी फक्त थंडावा देतो. कोकणात त्याला हवेतले पाणी काढायचे असते. नागपूरच्या अंदाजाने यंत्रणा घेतली तर खोली थंड होते पण गादी दमट राहते, कपाटात बुरशी धरते, आणि ग्राहकाचा पहिलाच अभिप्राय कुबट वासाचा येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्या वर्षीच्या तौक्तेनंतर काचेच्या मोठ्या दर्शनी भागांचा विमाही नीट तपासून घ्यावा लागतो.

सवलतींबद्दल मुद्दाम उशिरा लिहितो आहे. राज्याने आतिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारायचे असे त्याचे स्वरूप आहे. वीजदराचा भाग वीज नियामक आयोग आणि वीज कंपनी यांच्याकडे आहे, पण मालमत्ता कर आणि पाणीपट्टी तुमच्या हातात आहे. नगरपरिषदेचा ठराव करून, करआकारणीच्या संगणकात तो दर प्रत्यक्ष घालून, त्याची प्रत फाइलला लावा. शासन निर्णय आहे पण नगरपालिकेत बिल जुन्याच दराने येते, हा अनुभव हॉटेलवाल्यांना नवा नाही. त्यामुळे छापील ठरावाने जो विश्वास बसतो तो भाषणाने बसत नाही. २०२४ च्या पर्यटन धोरणातल्या सवलती पर्यटन संचालनालयामार्फत आहेत. त्या गुंतवणूकदाराला नीट समजावून द्या, पण हिशेब त्यांच्याशिवाय उभा राहतो असे दाखवा. जीएसटीचेही एक वाक्य हवे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नाही. पाहुण्याला खोली स्वस्त पडते, मालकाचा चादरी-टॉवेलांपासून देखभालीपर्यंतचा खर्च करासह अंगावर पडतो. ८० खोल्यांच्या हिशेबात हा खर्च धरला आहे का, हे त्याचा सीए विचारेलच.

ज्या गोष्टी अजून व्हायच्या आहेत त्या हिशेबात घालू नका. नागपूरचा माणूस पवनार ते पत्रादेवी या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाबद्दल विचारील, विमानतळाबद्दल विचारील. ‘सध्याच्या रस्त्यावर आणि रेल्वेवर आकडे काढले आहेत, बाकी आले तर वरकड’ एवढेच उत्तर द्या. रत्नागिरी–नागपूर महामार्गाचे नाव मात्र दोन्ही गावांत रोजच्या बोलण्यातले आहे. त्याचा कोल्हापूरपर्यंतचा टप्पा तुमच्या शनिवारच्या पाहुण्यांसाठी महत्त्वाचा आहे, तो जरूर दाखवा.

ब्रँडचा प्रश्न गुंतवणूकदारावर सोडा, पण माहिती ठेवा. जिंजर, लेमन ट्री, सरोवर, फर्न यांसारखे समूह मध्यम शहरांत जातात. व्यवस्थापन करारात साधारण उत्पन्नाचे दोन-तीन टक्के मूळ फी आणि नफ्यावर वेगळी फी असते. फ्रँचायझीत मालक स्वतः चालवतो आणि नाव, बुकिंग व्यवस्था घेतो. नागपुरात स्वतः हॉटेल चालवणाऱ्याला फ्रँचायझी जवळची वाटेल, पण नऊशे किलोमीटरवरून चालवायचे असेल तर स्थानिक व्यवस्थापक आणि कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय लागते. रत्नागिरीचा शिकलेला मुलगा मुंबईला जातो. जागेच्या आराखड्यात तीस-चाळीस कर्मचाऱ्यांचे निवास बसते का ते पाहा. बँक्वेटचा आकारही इथेच ठरवा. नागपूरच्या लॉनच्या सवयीने दोन हजार माणसांचा हॉल आखला जाईल, आणि पावसाच्या चार महिन्यांत उघडे लॉन निरुपयोगी. गोल टेबलांवर माणशी सव्वा चौरस मीटर धरून ३५० माणसांचा, म्हणजे साडेचारशे चौरस मीटरचा, मधून दुभागता येणारा बंदिस्त हॉल या शहराला पुरे आहे.

आता जुलैचा तो दुसरा उपयोग. नागपुरातल्या बैठकीनंतर ज्यांना खरोखर रस आहे अशा तिघा-चौघांना त्याच महिन्यात, मंगळवार-बुधवार धरून, रत्नागिरीला बोलवा. धो धो पावसात जागा दाखवा, पाणी कुठे तुंबते ते दिसू द्या, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर न्या. मंगळवारी रात्री चार चांगल्या लॉजांत किती गाड्या उभ्या आहेत ते त्यांनाच मोजू द्या. दुसऱ्या दिवशी दोन कंपन्यांच्या प्रशासन अधिकाऱ्यांशी आणि एका शिपिंग एजंटाशी तुम्ही खोलीत नसताना बोलू द्या. ते जे प्रश्न विचारतील ते लिहून घ्या आणि पंधरा दिवसांत प्रत्येकाचे उत्तर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने पाठवा. ‘तपासून कळवतो’ असे ज्याचे उत्तर असेल, त्याच्यापुढे कळवण्याची तारीख घाला.